शनिवार सरकारजमा

मुलांनो, वेळ शनिवार दुपारची, बारा वाजून पाच मिनिटं. ठिकाण, एका जंगलातला मोठा नाला आणि त्याच्यावरचा लाकडी साकव. साकवावर एक गवा हवालदार आडवा उभा होता. त्याच्यासमोर काखेत गाठोडं घेऊन एक सुईण उभी होती. नाल्यापलीकडे करवंदीच्या जाळीत एक भेकरी सकाळपासून अडली होती.

गवा म्हणाला, "मावशी, पुढे जाता येणार नाही. आज शनिवार आहे."

सुईण म्हणाली, "आज शनिवार आहे, हे तू मला सांगतोस?"

इथपर्यंतची हकिगत सगळ्यांना मान्य आहे. यापुढे सरकारची हकिगत वेगळी आहे आणि भेकरीची वेगळी आहे. मी तुम्हाला भेकरीची सांगणार आहे. सरकारची ऐकायची असेल तर दवंडी ऐका, ती रोज असते.

आणि जंगलात घड्याळ कुठून आलं असं ज्याला विचारायचं असेल, त्यानं आधी जंगलात हवालदार कुठून आला ते विचारावं.

तर, हे जंगल वाघमहाराजांचं. राज्याला एक सरकारी धर्म होता. राजपुरोहित बगळा होता. त्यामुळे सरकारी प्रार्थना एका पायावर उभं राहून करायची असे. बगळ्याला ते सोपं जाई. अस्वलाला जमत नसे. ते दर वेळी धाडकन पडे, आणि पडलं की त्याची श्रद्धा कच्ची आहे असं जाहीर होई. गोगलगायीला मुळात एकच पाय, म्हणून तिला जन्मतःच पुण्यवान धरलं होतं. सापाचा प्रश्न समितीकडे होता.

जंगलाच्या पश्चिम टोकाला, जिथून समुद्राचा खारा वास येतो, तिथे माणसांची काही घरं होती. त्यांच्या वाडवडिलांचं गलबत कधीकाळी खडकावर फुटलं. जे वाचले ते तिथेच राहिले. त्यांनी घाणे घातले आणि तीळ-खोबरं गाळायला सुरुवात केली. ही माणसं यहुदी. पण जंगलाला हा शब्द ठाऊक नव्हता. जंगलाला एवढंच दिसे की शुक्रवारी सूर्य बुडाला की यांचा घाणा थांबतो, बैलाच्या डोळ्यांवरची झापडं निघतात, आणि शनिवारी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत कोणी कशाला हात लावत नाही. म्हणून जंगल त्यांना शनिवारतेली म्हणे.

अस्वल मुद्दाम शनिवारीच बुधला घेऊन यायचं.

"हसाजी, थोडं तेल दे."

"उद्या ये."

"हाडं आज दुखतायत."

"मग बस. मनुकांचं सरबत पी. कुठे कुठे दुखतंय ते सांग."

अस्वल बसे, सरबत पिई, दुखणं सांगे, आणि "तुमच्या देवाला एक दिवस कमी पडला वाटतं" असं म्हणून निघून जाई. हसाजी तेली म्हणे, "तुझ्या देवाला एक पाय कमी पडला, तसंच!" हे भांडण पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. त्यात कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

हा हसाजी वाडीचा मुकादम. बोलका, कष्टाळू, आणि कौतुकाचा थोडा भुकेला. त्याची थोरली बहीण मिलकाबाय. ती सुईण होती. वाडीतल्या बायकांची तर होतीच, पण सशापासून गव्यापर्यंत निम्मं जंगल तिच्याच हातावर जन्मलं होतं.

शनिवारतेली एका पायाच्या प्रार्थनेला जात नसत. वाघमहाराजांच्या आजोबांनी एकदा दरडावून विचारलं होतं. तेव्हाच्या मुकादमानं उत्तर दिलं, "महाराज, राजाचा कायदा तो कायदा. आमच्या वडीलधाऱ्यांनीच तसं सांगून ठेवलंय. रस्ता तुमचा, कर तुमचा, तुरुंगही तुमचा. पण देवासमोर आम्ही उभे राहू ते आमच्या पद्धतीनं, दोन पायांवर." आजोबांनी करात एक बुधला वाढवला आणि विषय संपला. तेव्हाचे वाघ असे होते. लुटत, पण लुटून घरी जात.

उलट वाडीतले लोक प्रार्थनाघरात दर आठवड्याला राजासाठीही दोन शब्द म्हणत. राजाला आयुष्य मिळो, राजाला शहाणपण मिळो. मिलकाबाय म्हणे, "पहिली मागणी लवकर पुरी होते. दुसरीला वेळ लागतो."

आता पाहा, मुलांनो, संकट कसं येतं. ते नेहमी दात दाखवत येत नाही. कधी कधी ते हार घेऊन येतं.

शेजारच्या जंगलाचे गजराज पाहुणे म्हणून यायचे होते. हे गजराज मोठे चौकस. जिथे जातील तिथे विचारत, "तुमच्याकडे संख्येनं थोडे लोक कोण आहेत आणि ते कसे आहेत?" वाघमहाराजांना घाम फुटला. त्यांनी सचिवाला बोलावलं. सचिव उदमांजर होतं. त्याला सगळ्या बिळांच्या वाटा माहीत होत्या.

"आपल्याकडे थोडे लोक कोण आहेत?" महाराजांनी विचारलं.

"शनिवारतेली, महाराज."

"ते कसे आहेत?"

"तेल चांगलं देतात."

"तसं नव्हे. पाहुण्यांना काय सांगायचं? आपला धर्म एका पायाचा. तो त्यांच्यावर लादला असं ते म्हणतील."

उदमांजर मिशांतून हसलं. "मग त्यांचाही धर्म सरकारी करून टाकू, महाराज. शनिवार विश्रांती कायदा करू. सगळ्या जंगलाला शनिवार सक्तीचा! आजवर आपण एकाच धर्माची सक्ती करत होतो म्हणून लोक नावं ठेवत. दोन्हींची केली की त्याला समभाव म्हणतात."

महाराजांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी फक्त एकच हरीण खाल्लं.

बातमी वाडीत आली. हसाजी अंगणात उभा राहिला आणि त्याला पुन्हा पुन्हा डोळे पुसावे लागले. त्याच्या बापाला, आजाला शनिवारवरून चिडवलं होतं. आता राजाचा नगारा शनिवारसाठी वाजणार होता.

मिलकाबाय सुपात तीळ पाखडत होती. ती म्हणाली, "नको म्हणून सांग."

"बाय, तुला आनंद कशाचाच होत नाही का गं?"

"होतो. वाघ लांबून गेला की होतो."

"अगं, वाघ आपला शनिवार पाळणार आहे!"

"वाघानं पाळलेलं करडू किती दिवस टिकतं रे?"

शेजारचा इसाजी कुंपणापाशी आला. त्याचं मत तिसरंच होतं. या वाडीत दोघं भांडू लागले की तिसरा मत घेऊन येई, नाहीतर त्याला झोप लागत नसे. तो म्हणाला, "कायद्याचं काय ते तुम्ही बघा. पण प्रार्थनाघराचं छप्पर गळतंय. सरकार एवढं खूश आहे तर कौलं मागून घेऊ. वाघाची कौलं घातली म्हणून पाऊस काय आत येणार आहे?"

"पाऊस नाही येणार, वाघ येईल," मिलकाबाय म्हणाली. "कौलं नीट बसली का ते बघायला."

हसाजी इरेला पेटला. "पूर्वी आपलं स्वतःचं राज्य होतं तेव्हा काय होतं? तेव्हा धर्माचाच कायदा होता ना? तेव्हा कुठे राज्य वेगळं आणि देऊळ वेगळं होतं?"

"होतं. राजाचं घराणं वेगळं आणि पुजाऱ्याचं घराणं वेगळं. एक राजा माजला आणि स्वतःच धूपदान घेऊन देवळात घुसला. कपाळावर कोड उठलं त्याच्या. विसरलास?"

"अगं, तो तर आपलाच राजा होता."

"म्हणून नुसत्या कोडावर भागलं. आणि तेव्हा राजाच्या तोंडावर 'चुकलास' म्हणणारे लोक होते. इथे बगळ्याला चुकलास कोण म्हणणार? तू?"

"मी म्हणेन," हसाजी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

इसाजी म्हणाला, "मग कौलांचं काय ठरलं?"

आठवड्याभरात समिती आली. बगळा, उदमांजर आणि कासव न्यायमूर्ती. हसाजीनं अंगण सारवून घेतलं, घोंगडी अंथरली, सरबत दिलं. शनिवारी काय करायचं नाही ते सांगा, असं समितीनं विचारलं. आजपर्यंत हसाजीला हा प्रश्न कोणी आदरानं विचारला नव्हता. तो दुपारभर बोलला. विस्तव पेटवायचा नाही. पेरायचं नाही, दळायचं नाही, गाळायचं नाही. गाठ मारायची नाही. कापायचं नाही. बांधायचं नाही. ओझं वाहायचं नाही. आपण करायचं नाही आणि दुसऱ्याला हुकूम सोडून करवूनही घ्यायचं नाही. चाकराला सुट्टी, पाहुण्याला सुट्टी, बैलालाही सुट्टी.

"हुकूम सोडायचासुद्धा नाही?" उदमांजरानं विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती.

"मुळीच नाही. तेच तर त्यातलं मोठं आहे!"

कासवानं सगळं हळूहळू पाठ केलं. जाताना बगळा म्हणाला, "यापुढे कशाचाही अर्थ लावायचा झाल्यास तो राजपुरोहितच लावील. म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"पण आम्ही तर दर शनिवारी अर्थावरूनच भांडतो," हसाजी म्हणाला. "तीच आमची करमणूक."

"तोच त्रास म्हणतो मी," बगळा म्हणाला.

नगारा वाजला. कायदा लागू झाला.

पहिल्या शनिवारी सुगरण पक्ष्याला पकडलं. तो घरट्याला गाठ मारत होता. सुतार पक्ष्याला पकडलं, तो सुतारकाम करत होता. मुंग्यांची अख्खी रांग ओझं वाहण्याच्या कलमाखाली आत गेली. तुरुंगातही ती रांगेतच बसली. कोळ्यानं जाळं विणलं म्हणून त्याच्यावर खटला झाला आणि जाळं पुरावा म्हणून जप्त झालं. बेडूक ओरडले. ओरडणं हे काम की करमणूक, यावर राजपुरोहितांचा निर्णय यायचा होता. तोवर त्यांची तोंडं बांधली. बांधणाऱ्यांनी गाठी मारल्या, पण त्या सरकारी गाठी होत्या.

हवालदारांनी विचारलं, "आम्ही शनिवारी पहारा करायचा तर ते काम नाही का?" उदमांजर म्हणालं, "पहारा म्हणजे नुसतं उभं राहणं. उभं राहणं म्हणजे विश्रांतीच. झाडं बघा."

वाडीतही बदल झाला. पूर्वी शनिवारी सकाळी इसाजी प्रार्थनेला कधी येई, कधी झोपून राही. झोपला तर लोक त्याला टोमणे मारत आणि त्याचा न्याहारीचा वाटा खाऊन टाकत. आता दाराशी हवालदार बसू लागला आणि कोण आलं नाही ते बघू लागला. इसाजी न चुकता येऊ लागला. पण तो हसाजीला म्हणाला, "मुकादम, आधी मी आलो की देवाला बरं वाटत असेल. आता त्याला कसं कळणार, की मी त्याच्यासाठी आलो का गव्यासाठी?"

छपरावर सरकारी कौलं बसली. ती बघायला बगळा आला. तो प्रार्थना संपेपर्यंत थांबला. एका पायावर.

पण सगळ्यांत वाईट ते वेगळंच झालं. जंगलाचा वाघावर राग असायला हवा होता. तो तेल्यांवर वळला. वाघावर रागावणं महाग पडतं, तेली स्वस्तात मिळतात. सुगरणीचा नर तुरुंगात होता. ती वाडीवरून उडताना ओरडायची, "तुमच्यापायी माझी अंडी उघड्यावर पडली!" अस्वल सरबताला यायचं बंद झालं. ते नाल्यापलीकडे उभं राहून म्हणे, "सांगा आता तुमच्या वाघाला."

"आमचा वाघ?" हसाजी म्हणाला. "आमचा कधीपासून?"

"शनिवारपासून," अस्वल म्हणालं.

त्या रात्री हसाजी जेवला नाही. तो बहिणीला म्हणाला, "बाय, पूर्वी हसायचे ते बरं होतं गं." मिलकाबायनं त्याच्यापुढे ताट सरकवलं.

आणि मग तो शनिवार आला. गजराज यायचे होते तोच.

सकाळपासून जंगल गप्प केलं होतं. दुपार व्हायच्या आत नाल्यापलीकडून भेकर धावत वाडीत आलं. त्याचं भुंकणं एरवी डोंगरापलीकडे ऐकू जायचं. आज ते कुजबुजलं. "मिलकाबाय, ती अडलीय. सकाळपासून. पाय दिसतोय नुसता."

मिलकाबाय शनिवारच्या पांढऱ्या लुगड्यात बसली होती. ती तशीच उठली. सुरी, दोरा, तेल, चकमक आणि जुनी फडकी तिनं गाठोड्यात बांधली. तिनं ना कोणाला विचारलं, ना कोणी तिला अडवलं. त्या वाडीत असं विचारायची पद्धतच नव्हती.

अशी ती साकवावर पोचली, आणि साकवावर गवा होता.

"गाठोड्यात काय आहे, मावशी?"

"सुरी, दोरा, तेल."

"सुरी म्हणजे कापणं. दोरा म्हणजे गाठ. आणि हे नेताय म्हणजे ओझं वाहणं. तीन कलमं झाली."

"पलीकडे गेले की विस्तव पेटवून पाणी तापवणार आहे. चौथंही लाव."

"मावशी, थट्टा नको. ड्युटी आहे."

"तुझी आई अडली होती तेव्हा तुझं डोकं कोणी बाहेर काढलं रे?"

"तुम्ही."

"वार कोणता होता?"

गवा पुन्हा कलमं पुटपुटू लागला.

"तुझ्या आईनं तुझं नाव काय ठेवलं?"

"घरचं नाव ड्युटीवर घेऊ नका, मावशी."

"शनवाऱ्या! शनवाऱ्या ठेवलं. का ठेवलं? आणि तू पडलास बैलाच्या जातीतला. बैलालाही आज सुट्टी आहे. मुकादमानं तुमच्या समितीला सांगितलंय. जा घरी, लोळ."

गव्याला क्षणभर खरंच जावंसं वाटलं. त्याचे पाय दुखत होते. पण तो म्हणाला, "सकाळी हुकूम आलाय. नाल्यावर उभा राहा, पाहुणे जाईपर्यंत तेलीवाडीतलं कोणी गाठोडं घेऊन दिसता कामा नये. तुम्हीच गाठोडं घेऊन फिरायला लागलात तर पाहुण्यांना काय दाखवायचं?"

पलीकडून भेकरी कण्हल्याचा आवाज आला. तोही बारीक होत चालला होता.

एवढ्यात हसाजी धापा टाकत पोचला. "हवालदार, सोड तिला! जीव वाचवायचा असेल तर शनिवार बाजूला सरतो. सगळा सरतो. आमचा सगळ्यांत मोठा नियम आहे तो."

"कायद्यात नाही, काका."

"नाही कसा?"

"मला पाठ आहे. विस्तव आहे, गाठ आहे, गाळणं आहे. जीव नाही."

हसाजीला ती दुपार आठवली. घोंगडी, सरबत, कासवाचं डोलणं. त्यानं सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, विसरलाही नव्हता. हे सांगावं लागतं, असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्या वाडीतल्या पोरांना हा नियम कोणी शिकवत नसे. शनिवारी कोणाला विंचू चावला की सगळे काय करतात ते पोरं बघत, आणि त्यांना तो येई. घरात पाहुणा आला तर आपण त्याला बस म्हणतो, पाणी घे म्हणतो. श्वास घे असं म्हणतो का?

"मग आता सांगतो," तो म्हणाला. "घाल कायद्यात."

"अर्थ लावायचा अधिकार राजपुरोहितांना आहे."

"बोलाव त्यांना."

"ते आज अर्थ लावणार नाहीत. अर्थ लावणं हे काम आहे. आज शनिवार आहे."

"अरे, पण कायदा आमचा आहे!"

"होता, काका," गवा म्हणाला. तो हे खरोखर वाईट वाटून म्हणाला. "आता तो सरकारी आहे."

मिलकाबाय गव्याच्या अगदी शिंगांपाशी गेली. "फार पूर्वी एका राजानं आमच्या दोन सुइणींना हुकूम दिला होता. पोरं जन्मली की मारा म्हणून. त्यांनी मारली नाहीत. त्या सुइणींची नावं आमच्या शास्त्रात लिहून ठेवलीत, शनवाऱ्या. राजाचं नाव लिहिलेलं नाही. तुझं नाव कुठे लिहायचं ते ठरव."

गव्यानं शिंगं खाली केली. पण साकव अरुंद होता आणि गवा रुंद होता.

तेव्हा हसाजीनं जे केलं ते वाडीतल्या कोणीही कधी केलं नव्हतं. त्यानं बहिणीच्या गाठोड्यातून चकमक काढली. काठावरचा सुका पाचोळा पायानं गोळा केला, आणि भर शनिवारी, भर उन्हात, हवालदारासमोर ठिणगी पाडली. पहिल्यांदा पेटलं नाही. दुसऱ्यांदा पेटलं नाही. मग धूर निघाला आणि मागोमाग जाळ.

"काका! हे काय केलंत?"

"गुन्हा. पहिलंच कलम. पेटवणाऱ्याला जागच्या जागी धरायचं, असं आहे ना तुमच्यात? ये, धर."

गाठोडंवाली की विस्तववाला, असा प्रश्न होता. कायद्यात विस्तव मोठा होता. गव्याला साकव सोडावा लागला. तो जरा जास्तच सावकाश वळला, असं काहींचं म्हणणं आहे. पण गवे सावकाशच वळतात.

मिलकाबाय पलीकडे गेली.

मुलांनो, जाळीत दोन पाडसं होती. पहिलं आडवं आलं होतं. ते गेलं होतं. दुसरं तिनं वाचवलं, आणि भेकरीलाही वाचवलं. मिलकाबायनं दोन्ही पाडसं पुसली, जिवंतही आणि मेलेलंही. भेकरीनं विचारलं, "आधी आली असतीस तर?" सुईण खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "दोन्ही."

त्याच सुमारास गजराज खालच्या वाटेनं चालले होते. सोंड उंच करून ते वाघमहाराजांना म्हणाले, "वा! केवढी शांतता आहे तुमच्याकडे!" बेडकांची तोंडं अजून बांधलेलीच होती.

पुढे खटला झाला. कासव न्यायमूर्तींनी हसाजीला शनिवार मोडल्याबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा, तुरुंगातल्या घाण्यावर सक्तमजुरी, शनिवार धरून. तुरुंगाला शनिवार लागू नव्हता. हसाजीनं बगळ्याकडे बोट दाखवून भर न्यायालयात सांगितलं, "तू चुकलास. मीही चुकलो. मी आधी चुकलो." बगळ्यानं दुसरा पाय खाली टेकवला. ते जंगलात कोणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मिलकाबायवर तीन कलमं लागली. न्यायमूर्तींनी तिला विचारलं, "पुन्हा असं करशील?" ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी कोणी अडलं तर त्याच शनिवारी करीन. बुधवारी अडलं तर बुधवारी."

पाहुणे तर परत गेलेच होते. मग महाराजांनी मोठ्या मनानं कायदा मागे घेतला. नगारा वाजला. तेली कृतघ्न निघाले, त्यांना मान सोसला नाही, असं दवंडीत सांगितलं. इसाजीची कौलं काढून नेली. छप्पर पुन्हा गळू लागलं. इसाजी म्हणाला, "गळू दे. पाणी तरी आपलं आहे."

भेकरी तेवढी गप्प बसली नाही. ती उरलेलं पाडस घेऊन दरबारात गेली. तिनं ना भरपाई मागितली, ना माफी मागितली. ती म्हणाली, "मला एकच सांगा. गव्याला त्या सकाळी हुकूम आला. शनिवारी हुकूम सोडणं हा कायद्यानं गुन्हा होता. मग हुकूम सोडला कोणी?"

गवा म्हणाला, "पानांच्या आडून आवाज आला. मी आवाज ओळखायला शिकलेलो नाही, मला आवाज पाळायला शिकवलंय."

वाघमहाराज म्हणाले, आम्ही निद्रिस्त होतो. राजपुरोहित म्हणाले, आम्ही ध्यानस्थ होतो. उदमांजर म्हणालं, मी कायदा पाळणारा प्राणी आहे, शनिवारी मी शेपूटसुद्धा हलवत नाही. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. सगळ्यांचं खरं धरलं गेलं.

*तात्पर्य:* मुलांनो, तुमचा धर्म तुम्हाला फार प्रिय असेल तर तो स्वतःजवळ ठेवू नका. तुम्ही त्यावरून भांडाल, त्यात सूट द्याल, आणि कोणी कळा देत असलं तर तो बाजूला ठेवून धावाल. त्यानं धर्म झिजतो. तो ताबडतोब सरकारच्या हवाली करावा. सरकार तो तसूभरही झिजू देत नाही. एखादं पाडस दगावलं तरी धर्माला धक्का लागत नाही, आणि जबाबदार कोण असं विचारायचीही सोय उरत नाही. गव्याला साकवावर कोणी उभं केलं ते अजून कोणीही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती.